माझा चौथा कोपरा आणि नवाराची राणी

मी घोंगडी बोलतेय. हसनाबादच्या धुळाजीच्या घरची, काळ्या लोकरीची. टोचते, हो टोचते! पण माझ्यावर बसल्याशिवाय या घरात बिरोबाच्या पालखीचा मान कुणालाच मिळत नाही. जुना मानकरी गेला की नव्याला माझ्यावर बसवतात आणि भावकीतले चौघं चार कोपरे धरून उचलतात. बसलेला खाली पडला, तर देवाला तो मंजूर नाही.

पालखीचा मानकरी धुळाजी दिवाळीत गेला. त्याला मुलगा नाही, एकुलती अंजू. ती माझ्यावरच बसून एम.ए.चा इतिहास घोकायची. स्पेनकडचं नवारा, चिमुकलं राज्य. सांचो, गार्सिया, पुन्हा सांचो... मेले सगळे एकाच नावाचे! तिथंही नव्या राजाला ढालीवर उभं करून उचलायचे. एक राजा वारला तेव्हा त्याची पोरगी जान लहान होती. गादी एका चुलत्यानं घेतली, मग दुसऱ्यानं. शेवटी लोकांनीच तिला बोलावून ढालीवर चढवलं. हे वाचताना अंजू दरवेळी थांबायची.

जत्रेच्या सकाळी अंजूचा चुलता तातेराव आपल्या पोराला पुढं करत म्हणाला, "आमच्या अंगदला बसवा. पोरीला कुठं मान असतो?"

"काका, नवारात चुलत्यांनी हेच केल्तं."

"कुठलं नवारा? हे हसनाबाद हाय!"

"मंग उचलून बघा की," म्हणत अंजू बसलीच. तिची आई जयवंताबाई देवाला हात जोडून उभी राहिली.

भावकीतल्या भिवानं आणि त्याच्या दोन भावांनी तीन कोपरे धरले. चौथा तातेरावानं. अगं बाई, नेमका तोच! लोकर खाणाऱ्या कसरीनं आतून पोखरलेला. त्याचा अंगठा बराबर त्या भोकात गेला. त्याला कळलं, मलाही कळलं. मला तोंड नाही. त्याला होतं, तरी तो गप्प राहिला.

"उचला," तो म्हणाला.

मी कमरेएवढी वर गेले. जीव मुठीत धरून एकेक धागा आवळला, पण शेवटी चर्रकन फाटलेच. अंजू कलंडली. तेवढ्यात खालून दोन हात आले. अंगदचे!

"पडू देतो का तुला, अंजे? उचला रे, वर उचला!"

त्या दिवशी पालखीपुढं अंजू चालली.

आता मी दोरीवर फाटकी लटकलेय. तातेराव जाता-येता माझ्याकडे बघतो आणि मान खाली घालतो. मला शिवायला हसनाबादेत हात पुष्कळ आहेत. पण माझं एवढं ऐका, दाभण तातेरावाच्याच हाती द्या. भोक कुठं आहे ते त्याला ठाऊक आहे.