इड्वल सिमेंट

सॅलेम रस्त्यावरील घरांच्या ओलीविषयी सभा चॅपेलच्या मागील खोलीत दुपारी तीन वाजता भरली. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. नेरिस दारातून आत आली, तेव्हा बेती म्हणाली, "आली सिमेंटवाल्यांची नेरिस. छत्र्या उघडा गं."

सगळे हसले. मीही हसलो, हे प्रथम नोंदवतो.

वेल्समधल्या आमच्या गावात निम्मे लोक जोन्स आणि उरलेले बहुतेक विल्यम्स. त्यामुळे माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा जोडण्याची रीत आहे, आणि तो पुढच्या पिढीलाही चिकटतो. नेरिसचे वडील इड्वल गवंडी होते. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली, तरी लोक त्यांना 'इड्वल सिमेंट' म्हणूनच ओळखतात.

जिल्ह्याकडून आलेली तरुण अभियंता मारेड हिने टेबलावर दगडाची एक कपची ठेवली. तिला सिमेंटची जाड पट्टी चिकटलेली होती.

"रस्त्याच्या टोकाच्या नव्या सदनिका कोरड्या आहेत, कारण त्यांच्या भिंती दुहेरी आहेत," ती म्हणाली. "तुमच्या भिंती दीडशे वर्षांच्या, दगड-चुन्याच्या. आत शिरलेलं पाणी दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून, दरजांतून, बाहेर पडायचं. कुणीतरी त्या दरजा सिमेंटनं बुजवल्या. आता पाणी आतच राहतं आणि दगड फुटतो. हे काम कुणाचं?"

"इड्वल सिमेंटचं," मागून कोणीतरी म्हणाले. "एकोणीसशे शहात्तर. अख्ख्या रस्त्यावरच्या दरजा त्यानंच बुजवल्या."

"नावातच आहे की," बेती म्हणाली.

नेरिस उभी राहिली. तिच्या हातात पिशवी होती, ती तिने खाली ठेवली नाही. "वडिलांच्या वतीनं मी सगळ्यांची माफी मागते," ती म्हणाली. "त्यांना कळलं नसेल. माझ्याही घरात ओल आहे. खालच्या खोलीत तर कागद टिकत नाही भिंतीला."

त्यांना कळले होते. शहात्तर साली मी नगरपालिकेचा बांधकाम निरीक्षक होतो; तंत्रविद्यालयातून बाहेर पडून मला तीन वर्षे झाली होती. इड्वल माझ्या कचेरीत दोन वर्षे मुरवलेल्या चुन्याची बादली घेऊन आले. त्यांनी अंगठा त्यात रुतवून दाखवला आणि म्हणाले, "या भिंतींना श्वास लागतो, मिस्टर प्रॉबर्ट."

"भिंतींना फुप्फुसं नसतात," मी म्हणालो. माझे सहकारी हसले, आणि ते मला आवडले. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, असे प्रमाण मी स्वतःच्या हाताने लिहून दिले आणि बजावले की चुना वापरल्यास कामाचा दाखला मिळणार नाही. त्यांच्या घरी तेव्हा दोन लहान मुले होती. म्हणून इड्वलनी सिमेंटनेच काम केले. त्यापूर्वी त्यांना 'इड्वल चुना' म्हणत. नवे नाव पबमध्ये मीच पाडले.

चॅपेलच्या खोलीत नेरिस अजून उभी होती. मी गप्प राहिलो असतो, तर सभा चहाकडे वळली असती; 'बारा ब्रिथ' या मनुका घातलेल्या गोड पावाचे काप ताटात मांडून ठेवलेलेच होते. मी उठलो.

"प्रमाण माझं होतं," मी म्हणालो. "इड्वलना चुनाच वापरायचा होता. मी त्यांना नाही म्हटलं. आणि ते नाव मी पाडलं."

मारेडने आपल्या वहीकडे पाहिले.

"माझ्या वडिलांच्या शवपेटीला तुम्ही खांदा दिला होता," नेरिस म्हणाली.

"हो."

"तेव्हा का नाही बोललात?"

मी टेबलावरच्या कपचीकडे पाहिले.

"मग पुन्हा सांगा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. बेतीला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

बेतीने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. मी सगळे पहिल्यापासून सांगितले: वर्ष, प्रमाण, बादली, फुप्फुसांचे वाक्य. त्या वाक्याला या वेळी कोणी हसले नाही. मी बोलून संपवले, तेव्हा नेरिस खाली बसली आणि मी उभाच राहिलो, कारण मला कोणी बसायला सांगितले नव्हते.