हाय की न्हाय

बुधवारी संध्याकाळी मेघालीने मिथुनला गोळी घातली. गॅसवर दूध होतं, कानात इयरफोन होते, आणि क्षणभर तिला वाटलं, आपण मोठाच पराक्रम केला.

"मेलो!" मिथुन कानात ओरडला. "अगं ए बाई, मी होतो तो!"

गोळी खेळातली होती. चौघं चार ठिकाणी मोबाइल घेऊन बसलेली. मेघाली राहनाळला घरी. मिथुन धामणकर नाक्यावर, त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. त्याची थोरली बहीण धम्मदिना लॅबमधली ड्युटी संपवून घरी आलेली. आणि मेघालीचा मावसभाऊ भावेश कामतघरला, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावरच्या माडीत. एरवी या खेळात आपल्या माणसाची गोळी आपल्याला लागत नाही. पण रविवारी नाक्याजवळच्या हॉलमध्ये जी स्पर्धा होती तिचे नियम कडक होते. आपल्यांची गोळीही लागणार, आणि डोक्यावर तरंगणारी नावं दिसणार नाहीत. धुरातून कोणी आलं तर तो आपला की परका, हे एकमेकांना विचारूनच ठरवायचं. म्हणून भावेशला खेळातल्या पाण्याच्या टाकीवर बसवलं होतं. त्याची नजर घारीची. त्याने वरून बघून सांगायचं, बाकीच्यांनी त्यावर चालायचं.

मेघालीने विचारलं होतं, "दारात कोण? दुश्मन आहे?" भावेशने उत्तर दिलं होतं, आणि तिने गोळी झाडली होती.

"ही तिसरी वेळ," मिथुन म्हणाला. आवाजातली मस्करी गेली होती. "आधी ताईने मला मारलं, मग मी ताईला, आज तू. सांगणारा दर वेळी कोण? भावेश. मुद्दाम करतो हा."

"मुद्दाम कशाला करेल?" धम्मदिना म्हणाली.

"मी त्याला त्याच्या बोलीवरून हाय-हाय करून चिडवतो ना. डूख धरलाय त्याने."

भावेशच्या बाजूने नुसती लूमची खटखट येत राहिली. मग तो म्हणाला, "मना काढा मंग," आणि निघून गेला.

"मेघाली, कॅप्टन तू आहेस," मिथुन म्हणाला. "शनिवारी नावं द्यायची आहेत. एक तर तो, नाहीतर मी."

दूध उतू गेलं.

भावेश लहानपणापासून मुखदुर्बळ. लग्नाच्या पंगतीत उभ्याने दोनशे माणसांना वाढेल, पण एकालाही 'आणखी घ्या' म्हणणार नाही. खेळात मात्र टाकीवर चढला की त्याला कंठ फुटायचा. मावशी म्हणायची, संध्याकाळी माडीतून पोराचा आवाज येतो, तेवढंच बरं वाटतं. त्याच्या जागी घ्यायला मेघाली कामाला होती त्या गोदामातला कुमार एका पायावर तयार होता. पण भावेशला काढलं तर तो पुन्हा मिटून जाणार, हे मेघालीला पक्कं ठाऊक होतं. आणि मिथुनही खोटं बोलत नव्हता. भावेशने सांगितलं, म्हणूनच तिने गोळी घातली होती. त्याचा शब्द तिने स्वतःच्या कानाने ऐकला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ती आमटी ढवळत होती. तिची आई बायजाबाई मिक्सरमध्ये खोबरं वाटत होती.

"आई, मीठ आहे का गं यात?" मेघालीने ओरडून विचारलं.

आईने मान न वळवता उत्तर दिलं. मेघालीने गॅस बंद केला.

पानावर बसल्यावर पहिल्याच घासाला आईने तोंड वाकडं केलं. "मीठ कुनी खाल्लं?"

"तूच म्हणालीस ना, हाय म्हणून!"

"हाय कवा बोलले? न्हाय बोलले. कान फुटले का तुझे?"

मेघालीचा हात ताटातच थांबला. "परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"न्हाय."

मेघाली उठली आणि तिने रिकामा मिक्सर चालू केला. "आता म्हण!"

"येडी झाली पोरगी," असं पुटपुटत आई परत 'न्हाय' म्हणाली खरी. मेघालीने डोळे मिटून ऐकलं. मिक्सरच्या घरघरीत 'न' बुडाला होता, आणि वर तरंगत आला होता नुसता 'हाय'.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर तिने थेट कामतघरची रिक्षा पकडली. भावेशच्या माडीत पाय ठेवला की तळपायाला लूमची थरथर लागते. तो चटईवर पडून छताकडे बघत होता.

"बुधवारी मी विचारलं, दुश्मन आहे का. तू काय सांगितलंस?"

"न्हाय बोललो."

"मला हाय ऐकू आलं."

तो उठून बसला.

"मिथुन मुद्दाम म्हणाला तेव्हा गप्प का बसलास?" मेघालीने विचारलं.

"बोललो असतो तं त्यानं परत हाय-हाय चालू केलं असतं. त्याच्यापायी तं आताशा हलूच बोलतो मी."

"मग सरळ 'नाही' म्हणावं."

"आता तू मना शिकव! तू पन न्हायच बोलायचीस. गोदामात लागलीस तवापासून नाही-नाही करतेस. तुझा कान पन शेरातला झाला."

गोदामात पहिल्याच आठवड्यात फोनवर ती 'न्हाय' म्हणाली होती आणि शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसलं होतं. तिला कोणी बोलायला शिकवलं नव्हतं. तिने आपणहूनच जीभ वळवली होती.

"ऊठ. नाक्यावर चल," ती म्हणाली.

मिथुन एका उघड्या फोनवर वाकला होता. धम्मदिना त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती. बाहेर शेअर रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते आणि एक ट्रक हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

"आले का साहेब," मिथुन भावेशकडे न बघता म्हणाला.

"तोंड भिंतीकडे कर," मेघालीने फर्मावलं. "भावेश बोलेल. हाय म्हणाला की न्हाय, एवढंच सांगायचं."

भावेश नेहमीसारखा हळूच बोलला.

"हाय," मिथुन म्हणाला.

"न्हाय बोललो."

"परत बोल. हाय!"

"न्हायच बोललो."

"थांब, आता आलं लक्षात. बोल. न्हाय!"

"आता हाय बोललो ना."

धम्मदिनाला एवढं हसू फुटलं की अर्धा चहा बशीत सांडला. मिथुन मात्र हसला नाही. त्याने बाकावरचे स्क्रू बाजूला सारले आणि भावेशला बसायला जागा केली.

"मी चिडवतो ती मस्करी असते रे," तो म्हणाला.

"तुला असते," भावेश म्हणाला आणि बसला.

मग धम्मदिना म्हणाली, "एकमेकांशी अजिबात जुळणार नाहीत असे दोन शब्द घ्या. हो-नाहीची भानगडच नको."

"क्लिअर आणि एनिमी," मिथुन म्हणाला.

"एनिमी बोलेपर्यंत मरशील तू." भावेशने जरा विचार केला. "आपला असला तं घरचा. परका असला तं पावना."

"पावना? पाहुण्याला गोळी घालायची? आमच्याकडे चहा देतात."

"पयले गोली, मंग चा."

आता मिथुनही हसला. मेघालीने तिथेच उभ्या उभ्या चार नावं पाठवून दिली.

रविवारी हॉलमध्ये बघ्यांची दाटी होती आणि पंख्यांचा आवाज लूमच्या तोडीचा होता. पहिला सामना त्यांनी जिंकला. दुसऱ्यात दारासमोर धूर झाला आणि धुरातून एक सावली धावत आली. मेघालीचं बोट गोळीच्या बटणावर टेकलं.

"दारात कोण?"

"घरचा!"

भावेश एवढ्या मोठ्याने ओरडला की अख्ख्या हॉलने ऐकलं. मागच्या रांगेतून कोणीतरी त्याची नक्कल केली, "घरचा, घरचा!" आणि हशा पिकला. भावेशचे कान लाल झाले, पण नजर फोनवरून हलली नाही. मेघालीने बोट उचललं. धुरातून मिथुन बाहेर आला आणि तिच्या बाजूने आत सरकला.

"जगलो," तो म्हणाला.

"खिडकीत पावना आहे का बघ," मेघाली म्हणाली.

"न्हाय! न्हाय!" मिथुन घाईघाईत ओरडला.

बाकीची तिघं थबकली. 'हाय' म्हणाला की 'न्हाय'?

"ए शाण्या," टाकीवरून भावेशचा आवाज आला, "न्हाय बोलायचं न्हाय ठरलंय ना!"

धम्मदिनाला हसू आवरेना. मेघालीचा फोन हातात हलायला लागला. आणि त्या हसण्यात खिडकीतून खराखुरा पाहुणा आत आला आणि एकेकाला टिपून गेला. त्यांची स्पर्धा तिथेच संपली.

नंतर चौघं बाहेर टपरीवर उभी होती. जिंकलेल्या टीममधला एकजण जवळ आला आणि भावेशला म्हणाला, "भाई, वो 'घरचा, पावना' क्या चीज है?"

मेघाली उत्तर द्यायला तोंड उघडणार होती. मिथुनने तिला कोपराने ढोसलं.

"देखो, ऐसा है," भावेशने सुरुवात केली. ट्रक गेला तेव्हा त्याने आवाज चढवला, रिक्षा गेली तेव्हा आणखी चढवला. आधी हिंदीत, मग मिक्सर आणि मिठाची गोष्ट आली तशी आपल्या बोलीत. समोरचा मान हलवत राहिला, आणि भावेशच्या हातातल्या चहावर साय धरली.