उदगीरच्या ठेसनावर

"साहेबराव कांबळ्यांच्या घरच्या इथंच असतात का?"

पंचशीलाचे दोन्ही हात परातीत होते. ज्वारीचं पीठ मळता मळता ते थांबले. अहमदपूरच्या या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागून तिला नऊ वर्षं झाली होती. मुली तिला मावशी म्हणत, अधीक्षकबाई नुसतं पंचशीला म्हणत. साहेबरावांचं नाव या चुलीपाशी कधीच कुणी घेतलं नव्हतं.

दारात पन्नाशीच्या आतला, पण खांद्यात वाकलेला एक माणूस उभा होता. कपाळावर विभूती, बगलेत कापडी पिशवी.

"मीच," ती म्हणाली.

"मी चन्नबसप्पा. देवणीकडचा. साहेबराव आन् मी एका पलटणीत होतो, अक्का. एका तंबूत."

सोबत स्वयंपाक करणाऱ्या कावेरीबाईनं परात आपल्याकडं ओढून घेतली. पंचशीलानं हात धुतले, तेही जपून. सलग दुसरं साल कोरडं गेलं होतं आणि दोन दिवसांपासून टँकर आला नव्हता. तरी तिनं माठाच्या तळातून तांब्या भरून आणला. चन्नबसप्पा तिथंच चुलीसमोर पोत्यावर बसला, तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायला आणि मिशी पुसत म्हणाला,

"दोनदा उस्मानाबादला गेलो होतो तुमचा ठावठिकाणा काढायला. कागूद घावला न्हाई. आता लातूर जिल्हा झाला, लढाईत गेलेल्यांचं नवीन रजिष्टर लिहायलेत. त्यात नाव दिसलं. तुमच्या गावात गेलो, तर म्हणले सासू वारली, सून अहमदपुरात हाय."

"काही काम होतं का, दादा?"

तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"त्यांना अग्नी मी दिला," तो म्हणाला. "हे तुम्हाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं होतं. अकरा वर्सं ऱ्हाऊन गेलं. आमच्यात पुरतात, अक्का. अग्नी कसा द्यायचा, कुठून द्यायचा, मला काय बी ठाव नव्हतं. पर साहेब म्हणले, ह्याच्या गावाकडचा कोण हाय? तर मीच होतो. ते तुमच्या घरच्या माणसाचं काम, माझ्या हातून झालं. चुकलं असलं तर…"

पंचशीला खाली बसली. सरकारी तारेत एकच ओळ होती, आणि मागून आलेल्या पत्रात इंग्रजीत दहा. अग्नीचं त्यात काहीच नव्हतं.

"लाकडं वली होती का?" तिनं विचारलं.

"न्हाई. कोरडी होती. आंब्याची."

"लवकर पेटली?"

"लवकर पेटली, अक्का. शेवटपतोर मी हाललो न्हाई तिथनं."

"मग काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. हातात धरून ठेवला.

लग्नानंतर साहेबराव दोन सुट्ट्यांवर आले होते. दोन्ही सुट्ट्या मिळून मोजले तर बावन्न दिवस. चेहरा फोटोत होता, म्हणून टिकला. आवाज मात्र हळूहळू गेला. कधी, ते तिलाही कळलं नाही. एक दिवस आठवायला गेली, तर नुसते ओठ हलताना दिसले.

"त्यांचा आवाज कसा होता, दादा?"

चन्नबसप्पानं चमकून पाहिलं. मग हसला. "बसका. सकाळी तर लईच बसका. आन् गाणं म्हणायची हौस भारी! साहेबराव गायला लागला की आमी डोक्यावरनं कांबळं घ्यायचो."

पंचशीलाही हसली. हे तिला माहीत नव्हतं. तिच्यासमोर ते कधी गायले नव्हते.

"आन् तुमचं सांगायचा," चन्नबसप्पा म्हणाला. "शेवटच्या खेपेला सुट्टी तोडून बोलावलं, तवा तुमी उदगीरच्या ठेसनापतोर आल्ता. खिडकीखाली उभ्या होत्या. गाडी निघाली तशी सोबत चालत आल्या, पार फलाट सरंपतोर. किती डाव सांगावं त्यानं! आमाला पाठ झाल्तं. मला तर कुणी गावाच्या शिवेपतोर बी आलं न्हवतं, मी जळायचो त्याच्यावर."

पंचशीलाला चुलीची धग एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

ती ठेसनावर गेलीच नव्हती.

परत बोलावल्याची तार साहेबरावांनी दोन दिवस खिशात दडवून ठेवली होती. सदरा धुताना ती तिच्या हाती लागली. सुट्टी सरली म्हणून नव्हे, लपवलं म्हणून तिला राग आला. अठरा वर्षांची होती, रागही तसाच होता. ती बोलेनाशी झाली. जायच्या सकाळी ते पेटी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले, तेव्हा ती पाठ फिरवून दळत बसली होती. ते काहीतरी म्हणाले. तिनं जातं थांबवलं नाही. काय म्हणाले, ते त्या घरघरीत गेलं. पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा उंबरा मोकळा होता.

अकरा वर्षं ती त्या एका वाक्यासाठी कान देऊन होती. आणि तिकडं तंबूत बसून ते तिला उदगीरच्या फलाटावर आणून उभं करत होते. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. त्यांनी राग धरला नव्हता. तिनं न टाकलेली पावलंही त्यांनी मनातच तिच्याकडून चालवून घेतली होती.

"आल्ता ना, अक्का?" चन्नबसप्पानं विचारलं. तिच्या चेहऱ्याकडं पाहून त्याचा आवाज उतरला होता.

"हाव," पंचशीला म्हणाली. "आले होते."

त्याला जेवू घालूनच तिनं सोडलं. लातूरच्या कचेरीत त्या रजिष्टरावर एक सही करायला तिला यावं लागेल, म्हणाला. येईन, म्हणाली. जाताना त्यानं वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला नेला आणि भर उन्हात एसटी स्टँडच्या वाटेला लागला.

मुलींच्या भाकरी अजून निम्म्या व्हायच्या होत्या. पंचशीला परातीपुढं बसली. कावेरीबाई तव्याशी होती. भाकरी उलटत म्हणाली,

"ठेसनावर गेल्तीस व्हय? इतक्या वर्सांत कधी बोलली न्हाईस."

पंचशीलानं उंडा हातात घेतला, गोल केला, थापायला सुरुवात केली.

"गाडी लई उशिरा आली बघ त्या दिवशी," ती म्हणाली. "दशम्या बांधून नेल्त्या मी. ते खिडकीपाशी बसले. म्हणले, ऊन हाय, सावलीला उभी ऱ्हा. म्हणलं, ऱ्हाऊ द्या, हितंच बरी हाय."

"आन् ते काय म्हणले?"

पंचशीलाचा हात भाकरीवर क्षणभर थांबला.

"म्हणले, पोचल्यावर कागूद टाकतो. घरात रडत बसू नको." तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"मग?"

"मग गाडी सुटली. मी चालत गेले की सोबत, फलाट सरंपतोर."