वेंडेल सेगेदीने सामना थांबवला

"पुन्हा एकदा दाखव," वेंडेल म्हणाला.

नोरीनने चित्रण मागे नेलं. पडद्यावर ट्रेंट वार्गा चेंडू छातीशी धरून पळत आला आणि समोरच्या दोघांच्या मधे घुसला. एकाचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटला कानाच्या वर लागलं. तो पडला, लगेच उठला, चालायलाही लागला. मग अचानक उजवा पाय असा दुमडला, जणू खाली जमीनच नव्हती.

"गुडघा असेल हो," नोरीन म्हणाली. "मघापासून लंगडतच होता तो."

"असेल."

"वेंडेल, दीड मिनिट उरलंय. आपण चार गुणांनी मागे आहोत."

त्या खोलीत 'आपण' म्हणायला बंदी होती. वेंडेलने तिला टोकलं नाही. त्याने समोरच्या फोनचं बटण दाबलं. "तीस नंबर, वार्गा. त्याला बाहेर काढा. सामना थांबवा."

खालून पंचाचा आवाज आला, "वार्गा? नक्की?"

"नक्की."

काचेपलीकडे सगळं स्टेडियम आधी गप्प झालं आणि मग घोंगावू लागलं. ट्रेंट दोन्ही हात पसरून पंचाशी भांडत होता. प्रशिक्षकाने टोपी काढून जमिनीवर आपटली. पण अमेरिकन फुटबॉलच्या नवीन नियमापुढे दोघांचंही काही चालणार नव्हतं. पूर्वी "मी ठीक आहे" असं खेळाडूनेच म्हटलं की तो परत आत जायचा. पुढे त्यातले कितीतरी जण पन्नाशीतच स्वतःच्या घराचा रस्ता विसरायला लागले, त्यांच्या बायका कोर्टात गेल्या, आणि एकेक करून नियम बदलत गेले. डोकं खाली घालून धडकायचं नाही. चेंडू टाकणाऱ्याच्या हेल्मेटला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक सामन्याला वर काचेमागे एक माणूस बसवायचा, दोन्ही संघांशी देणंघेणं नसलेला. त्याला नुसती शंका आली तरी खेळाडूने बाहेर यायचं आणि डॉक्टरांकडून डोकं तपासून घ्यायचं.

त्या दिवशी तो माणूस वेंडेल होता.

ट्रेंटच्या जागी जो आला त्याच्या हातून चेंडू निसटला. ट्रेंटचा संघ बार्जमेन हरला, आणि मोसम तिथेच संपला. वेंडेल जिना उतरून गाडीशी पोचला तोवर रेडिओवर बातमी आली होती. डॉक्टरांनी वार्गाला तपासलं होतं, त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली होती. दुखापत गुडघ्याची होती. डोक्याला काहीही झालेलं नव्हतं.

काचेमागच्या माणसाचं नाव जाहीर करायची पद्धत नव्हती. पण नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत ते जाहीर करायची गरजच नव्हती. वेंडेल तिथलाच, आणि ट्रेंटही तिथलाच. नेमणुकीच्या वेळी वेंडेलने हे सांगितलंही होतं. "इथला एखादा मुलगा संघात असणारच," असं म्हणून साहेबांनी सही केली होती. एका लहानशा कॉलेजात खेळाडूंचे घोटे बांधण्यात, खांदे चोळण्यात आणि बर्फाच्या पिशव्या भरण्यात त्याची सगळी नोकरी गेलेली. बायको लिडिया वारल्यावर घर खायला उठायचं, म्हणून त्याने हे काम घेतलं. आणि बुधवारी चर्चच्या हॉलमधे पत्ते असायचे. तिथे त्याचा भिडू कायम एकच, एर्नी वार्गा. ट्रेंटचा बाप.

त्या बुधवारी वेंडेल हॉलमधे शिरला तेव्हा त्याच्या खुर्चीवर गॅबर न्हावी बसला होता.

"ये ये, डॉक्टर!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. "माझं डोकं बघ रे, सकाळपासून जड आहे!"

सगळे हसले. एर्नी हसला नाही. तो पत्ते पिसत राहिला.

"एर्नी," वेंडेल म्हणाला.

"बोल."

"मला जे दिसलं ते मी सांगितलं."

"तुला काय दिसलं? गुडघा दिसला." एर्नीने पत्ते टेबलावर ठेवले. "अरे, तुझ्या अंगणात खेळून मोठा झालाय तो. आमच्या अख्ख्या आयुष्यात असा एक दिवस आला होता, वेंडेल. एकच. त्याची आई पुढच्या रांगेत उभी होती. आणि तू वरून बोट दाखवलंस."

"दुसरा कुणी असता तरी दाखवलं असतं."

"पण दुसरा कुणी नव्हता ना! आपला पोर होता!" एर्नी पुन्हा पत्ते उचलून वाटू लागला. "जा लेका, घरी जा. चौघं झालेत इथे."

वेंडेल स्वयंपाकघराच्या दाराशी जरा वेळ उभा राहिला. आतल्या बायकांनी त्याला पापरिकाश, कोंबडीचा लाल रस्सा, डब्यात भरून दिलं. एरवी त्या त्याला तिथेच बसून खायला लावत.

दोन आठवड्यांनी दुपारी तो अंगणातला बर्फ ओढत होता, तेव्हा ट्रेंटची गाडी फाटकाशी थांबली. डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि आभाळ तर भरून आलेलं होतं.

"काका, आत येऊ?"

वेंडेलने कॉफी ठेवली. ट्रेंटने खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि मगच चष्मा काढला.

"गुडघा कसा आहे?"

"गुडघा बरा आहे." ट्रेंट कप दोन्ही हातांत धरून बसला. "काका, मला तो सामना आठवत नाही."

वेंडेलने स्वतःचा कप खाली ठेवला.

"म्हणजे सुरुवात आठवते. बसमधून उतरलो ते आठवतं. मग एकदम घरी, आई रडतेय. मधलं सगळं मी टीव्हीवर बघितलं. पंचावर ओरडताना बघितलं स्वतःला."

"डॉक्टरांना उत्तरं कशी दिलीस?"

"पाठ असतात ती. महिने उलटे म्हणायचे, पाच शब्द लक्षात ठेवायचे. आम्ही उन्हाळ्यातच घोकतो सगळे." तो हसायचा प्रयत्न करत होता. "उजेड सहन होत नाही. परवा माझ्या पोरीवर ओरडलो, ती टेबलाखाली जाऊन बसली. मला कुणाला तरी सांगायचं होतं. डॅडला सांगू नका. कुणालाच नका सांगू."

"मी कुणाला सांगणार? माझ्याशी बोलतं कोण?"

ट्रेंटने मान खाली घातली.

"पण तू सांगायचंस," वेंडेल म्हणाला. "संघाच्या डॉक्टरला. या आठवड्यात."

"सांगितलं तर बसवतील मला. कायमचं बसवतील, हा काही पहिला मार नाही."

"पहिला नाही हे मला माहीत नव्हतं. आता तर सांगायलाच हवं. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल, ट्रेंट."

ट्रेंट उठला. खुर्ची मागे सरकून भिंतीला आपटली, आणि त्या आवाजानेच त्याने कपाळ गच्च धरलं. मग हळू म्हणाला, "मी काका म्हणून आलो होतो तुमच्याकडे."

"म्हणूनच सांगतोय."

गाडी गेली. वेंडेलने दोन्ही कप धुतले आणि टेबलाशी येऊन बसला. शुक्रवारपर्यंत थांबायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. एकदा त्याने एर्नीचा नंबरही फिरवला, आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. आपली शंका खरी होती हे आता त्याला माहीत होतं, पण ते कळून छातीवरचं ओझं कमी झालं नाही. उलट ते टेबलाखाली बसलेलं पोर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवारी ट्रेंट स्वतःच डॉक्टरकडे गेला. बर्फ वितळायच्या सुमाराला पेपरात चार ओळी आल्या, की वार्गाने खेळातून निवृत्ती घेतली आहे. कारण घरगुती.

त्याच संध्याकाळी एर्नी दारात उभा राहिला. तो आत आला नाही.

"काय बोललास त्याला?"

"कधी?"

"सोंग नको करूस! त्याची गाडी इथे उभी होती, शेजारच्या इलोनाने बघितली. सामना संपला तेव्हा माझा पोर धडधाकट होता. डॉक्टरने सांगितलं तसं. मग तुझ्या घरी येऊन गेला, आणि आता म्हणतो मला खेळायचंच नाही. काय भरवलंस त्याच्या डोक्यात?"

वेंडेलच्या जिभेवर सगळं आलं होतं. महिने उलटे म्हणणं, पडदा ओढणं, सगळं. दोन वाक्यांत एर्नी पायरीवर बसला असता, कदाचित रडलाही असता, आणि बुधवारी हॉलमधली ती खुर्ची पुन्हा वेंडेलसाठी रिकामी झाली असती.

"ते त्यालाच विचार," तो म्हणाला.

"त्याला विचारलं. तो म्हणतो, कंटाळा आला." एर्नीचा आवाज चिरकला. "सहा वर्षांचा असल्यापासून या खेळाचा कंटाळा आला नाही त्याला. तुझी बायको गेली, पोरबाळ नाही तुला, ते दुःख मला कळतं वेंडेल. पण म्हणून माझ्या पोराचं..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. फाटक उघडंच टाकून तो निघून गेला. वेंडेलने खाली उतरून ते लावून घेतलं.

ऑगस्टमधे वस्तीची जत्रा भरली. रस्ता बंद करून लांबच लांब टेबलं मांडली होती, अकॉर्डियन वाजत होता. वेंडेलने यावं की न यावं असा बराच विचार केला, आणि इस्त्री केलेला शर्ट घालून आला. ट्रेंट पलीकडच्या फुटपाथवर होता, मुलगी खांद्यावर. उन्हात उघड्या डोळ्यांनी चालत होता. मुलगी त्याच्या डोक्यावर ताल धरून थापा मारत होती आणि तो खोटंखोटं कळवळत होता. वेंडेल दिसल्यावर तो थांबला. सॉसेज भाजणाऱ्या बापाच्या भट्टीकडे त्याची नजर गेली. मग त्याने मुलीचा हात धरून वर केला आणि तिच्याकडून वेंडेलला टाटा करवला.

वेंडेलनेही हात हलवला. मग तो रांगेत जाऊन उभा राहिला.

भट्टीवर एर्नीच होता, दरवर्षीसारखा. घामाने डबडबलेला, गळ्यात अ‍ॅप्रन, हातात चिमटा. रांग पुढे सरकत गेली. वेंडेलची पाळी आली तेव्हा एर्नीने पावात कोलबास सॉसेज ठेवला आणि चिमटा कांद्याच्या परातीवर धरून थांबला. नजर वर उचलली नाही.

"कांदा चालेल तुम्हाला?"

वेंडेलने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "चालेल."

प्लेट घेऊन तो टेबलाच्या शेवटी गेला, रुमाल मांडीवर पसरला आणि गार व्हायच्या आत खायला बसला.