घोडीचा न्याय

घोडी आचाऱ्यापाशी थांबली, तिनं त्याच्या खांद्याला नाक लावलं आणि एकच गलका उठला, "सापडला! खुनी सापडला!"

जंगलातल्या घोडेसहलीत त्या सकाळी सहलीला आलेला एक ठेकेदार तंबूंमागे मरून पडलेला दिसला होता. कपाळ फुटलेलं. पोलीस चौकी डोंगरापलीकडे. तेवढ्यात सहल काढणारे अश्वगुरू पुढे सरसावले. "घाबरू नका! माझी देवघोडी पाप हुंगते. हिच्यापुढे पोलिसांची कुत्रीही पाणी भरतील!" त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि घोडी सोडली.

"अहो, मी चहा ठेवत होतो!" आचारी म्हणाला.

"खुनीसुद्धा चहा ठेवतात," असं ठणकावून सहलीला आलेल्या वन्संनी कपडे वाळत घातलेली दोरी सोडली. ओले मोजे चिखलात पडले, पण न्यायापुढे मोज्यांची काय कथा!

वन्संची भावजय दातांची डॉक्टर. त्यामुळे तिचं लक्ष आधी तोंडाकडे गेलं. घोडी पाप हुंगत नव्हती, आचाऱ्याचं जॅकेट चाटत होती.

"दादा, जॅकेट काढा जरा," असं म्हणून डॉक्टरबाईंनी ते अश्वगुरूंच्या अंगावर चढवलं.

"अहो, मला उकडतंय!"

घोडी वळली आणि गुरूंचा खांदा मनापासून चाटू लागली.

"अरे बापरे, गुरूच खुनी!" लोक ओरडले. वन्सं आचाऱ्याला सोडून, दोरी घेऊन गुरूंकडे निघाल्या.

"थांबा वन्सं! ती मीठ चाटतेय. आशीर्वाद देताना यांनी फक्त दादांच्या खांद्याला मिठाचा हात पुसला. दाखवा हो तळहात."

वन्संनी गुरूंच्या तळहाताला बोट लावून जिभेवर टेकवलं. "अगंबाई, खारट! पण मग ठेकेदाराला मारलं कुणी?"

सकाळपासून सगळे घोडीकडे बघत होते, मेलेल्या माणसाकडे कुणीच नाही. डॉक्टरबाई प्रेताशेजारी बसल्या. कपाळावरची जखम चंद्रकोरीसारखी होती. मुठीत लांब पांढरे केस. घोडीही पांढरीच.

"गुरुजी, हिचा मागचा पाय उचला."

नालेवर रक्त वाळलं होतं. गुरूंनी पाय हळूच खाली सोडला.

"मीच त्याला सांगितलं होतं... देवघोडीच्या शेपटीचे केस स्वतः उपटून उशाशी ठेवले की टक्कल भरून येतं. तो पहाटे गेला, हिनं लाथ घातली. मी पाहिलं. पण देवघोडीनं भक्तालाच मारलं म्हटल्यावर माझ्याकडे कोण येणार?"

"म्हणून या गरिबाचा गळा फासात द्यायचा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तेवढ्यात कुणीतरी आवाज दिला, "घोडीलाच बांधा! खुनी तीच!"

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, शेपूट ओढली की घोडं लाथ मारतं. तिला ना पाप कळत, ना पुण्य. ते कळायला हवं आपल्याला. आत्ता एक निरपराध माणूस तुम्ही बांधत होतात, आणि कुणी साधं विचारलंही नाही की घोडी थांबली का. चमत्कार दिसला तर हात खुशाल जोडा, पण आधी वाकून नीट बघा. निदान दुसऱ्याच्या जिवाशी गाठ असेल तेव्हा तरी."

वन्संनी दोरी खाली टाकली आणि आचाऱ्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "चुकले रे बाबा."