सोफ्याचं सोवळं

नीलकंठशास्त्र्यांचे गुडघे गेले तेव्हा मुक्ताने बंगळूरहून वडिलांसाठी सोफा पाठवला. गंगेकाठच्या मंगला गौरीच्या गल्लीतून तो आधी उभा, मग आडवा आणि शेवटी पाय काढून घरात आला. मुक्ताची अट एकच होती : मी नवरात्रात येईन तेव्हा बाबा त्यावर बसलेले दिसले पाहिजेत.

शास्त्रीबुवांना सोफा आवडला. मग वीणाताईंनी सोबतचं कार्ड वाचलं. सोफा अस्सल चामड्याचा होता.

"म्हणजे जनावराचं?"

"मग काय झाडाचं असणार?" वीणाताई म्हणाल्या.

परत पाठवावा तर पोरीला लागेल, बसावं तर धर्म जाईल. शास्त्रीबुवांनी मधला मार्ग काढला. पंचगंगा घाटावरून आणलेलं गंगाजल रोज सकाळी दर्भाने सोफ्यावर शिंपडायचं. कधी ना कधी तो शुद्ध होईलच. श्रावणभर शिंपडलं. भाद्रपदात सोफा शुद्ध झाला की नाही ते कळलं नाही, पण पांढरा झाला. शिवणींतून बुरशी वर आली आणि घरभर ओल्या चपलेचा वास सुटला.

"बाबा, सोफा दिखाइए ना," मुक्ता व्हिडिओ कॉलवर लहानपणीच्या गल्लीतल्या हिंदीत म्हणाली. शास्त्रीबुवांनी मोबाइल छताकडे वळवला आणि नेटवर्कला दोष दिला.

"पोर येईल आणि रडेल," फोन ठेवल्यावर वीणाताई म्हणाल्या. "मी पुसून पाहिला. ओल्या फडक्याने."

शास्त्रीबुवा मृगाजिनावर जपाला बसत होते. आजोबांच्या वेळचं ते हरणाचं कातडं. ते एकदम भडकले. "कातड्याला पाणी? अगं, कोरड्या मऊ लोकरीने पुसायचं, सावलीत वारा द्यायचा, उन्हात टाकायचं नाही, तडकतं. हे बघ, कुठे भेग तरी आहे का!"

"मग गंगाजल काय मी शिंपडत होते?"

शास्त्रीबुवांनी मृगाजिनाची कड सारखी केली.

"आणि हरीण चालतं, तर सोफ्याने काय घोडं मारलंय?"

"हे आसन आहे," ते म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

दुपारभर त्यांनी ग्रंथ चाळले. आपल्याला हवा तो आधार शास्त्रात सापडतोच, फक्त गरज तेवढी निकडीची लागते. संध्याकाळी सोफा हे आसन ठरलं. लोकरीला विटाळ नसतो, म्हणून धाबळीचा तुकडा घेऊन शास्त्रीबुवांनी स्वतः बुरशी झटकली, खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि सोफा वाळल्यावर सोबत आलेलं मलम बोटाने चोळलं. सोफा चकाकला.

घटस्थापनेला मुक्ता स्टेशनवरून थेट आत आली. बाबा सोफ्यावर बसून जप करत होते. तिचे डोळे भरून आले. बॅग टाकून ती त्यांच्या शेजारी धपकन बसली.

"ऊठ, ऊठ! प्रवासाचे कपडे!"

"अहो बाबा, सोफा आहे तो!"

"आसन आहे. आणि दुसऱ्याच्या आसनावर बसत नाहीत. आंघोळ करूनही नाही."

मुक्ता आईजवळ सतरंजीवर बसून चहा प्यायली.

"दुपारी मी जरा टेकायचे त्यावर," वीणाताई हळूच म्हणाल्या. "आता तेही गेलं."

"तुझ्यासाठी दुसरा पाठवू?"

"पाठव. पण रेक्झिनचा. त्याचं आसन करायला शास्त्रात आधार नाही."