टॅन्सीच्या पापण्या

थापा मारायला मला कोणी शिकवलं नाही. अमेरिकेतल्या आमच्या ओझार्कच्या डोंगरातल्या पाण्यातच ते आहे. पण आज सांगतेय त्यात एक मासा सोडला तर थाप नाही. असती तर किती बरं झालं असतं!

माझी नात टॅन्सी सहा वर्षांची. शाळेत जात नाही, तिची आई घरीच शिकवते. इकडे अशी पुष्कळ घरं आहेत. आई म्हणजे माझी लेक मार्लिस. टॅन्सीचा आणि तिच्या मॅमॉचा, म्हणजे माझा, एक खेळ होता, मी थाप मारायची आणि तिनं पकडायची.

"माझ्या बापानं नदीत मिशीवाला मासा धरला, ऐंशी पौंडांचा," मी सांगायची. "अख्खं गाव जेवलं. शंभर माणसं, प्रत्येकाला दोन-दोन पौंड!"

"मॅमॉ, मग दोनशे पौंड लागले. वरचे एकशेवीस कुठून आणलेस?"

"काटे धरले नाहीस तू!"

"काटे खातात का गं?" म्हणून ती लोळून हसायची.

हिवाळ्यात मार्लिसनं तिची चाचणी घेतली. मुलाला कितव्या इयत्तेचं पुस्तक लागेल ते कळावं म्हणून पुस्तकवालेच ती पाठवतात. मार्लिस बिस्किटांचं पीठ मळत होती आणि टॅन्सी टेबलाखाली मांजर घेऊन बसली होती. ही वरून प्रश्न विचारी, ती खालून उत्तर फेकी. निकाल आला, पाचवी! मार्लिस पिठाच्या हातांनीच रडली. लगेच पाचवीचं जाडजूड पुस्तक घरात आलं.

त्यानंतर एकदा मी माशाची गोष्ट सांगितली आणि टॅन्सी नुसतं "हं" म्हणाली. पुन्हा सांगितली, शंभराची हजार माणसं केली. तरी "हं."

मग एका सकाळी तिच्या वहीवर मला बारीक काळे केस दिसले. मला वाटलं, खोडरबराचा कचरा. फुंकणार, तेवढ्यात पोरीनं मान वर केली. डाव्या डोळ्याला पापणीचे केसच नव्हते! गणित करता करता एकेक उपटून तिनं ते ओळीनं मांडून ठेवले होते.

मी मार्लिसला परसात ओढलं.

"मला माहितेय, ममा," ती म्हणाली. "अशी हुशार पोर देवानं दिली आणि मी तिची वाट लावली. पुस्तक सोपं झालं म्हणून कंटाळली असेल का? की अवघड झालं? एक चुकलं की कायमचं चुकतं म्हणतात सगळ्या."

"कोण सगळ्या?"

"सगळ्या."

मे महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये जुन्या पुस्तकांची विक्री असते. घरी शिकवणाऱ्या साऱ्या आया जमतात. आम्ही गेलो. तोवर टॅन्सीच्या उजव्या डोळ्याचीही कड उघडी पडायला लागली होती. मार्लिसनं तिला टोपी घातली होती, कपाळावर ओढून.

डीना क्राउसनं आम्हाला दारातच गाठलं. पाच पोरं घरी शिकवलेली बाई, तिच्या शब्दाला इथे फार वजन. "पोर अभ्यासात पळतेय ना? मग सहावीचं घे," म्हणत तिनं मार्लिसच्या हातात पुस्तकाची एक वीट ठेवली. "हुशार पोर कंटाळली की हातची जाते, बाई. माझ्या मोठ्या पोराचं मी बघितलंय." मार्लिसच्या दुसऱ्या हातात एक पातळ, चित्रांचं पुस्तक होतं. पानावर एखादंच कोडं. डीना हसली. "ते खेळणं आहे गं. भातुकलीत ठेव."

मार्लिसनं दोन्ही पुस्तकं हातात तोलली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ममा, तू सांग ना." मला काय कळतंय? मी टॅन्सीला विचारावं म्हणून वळले, तर टॅन्सी नाही.

हॉल गच्च भरलेला, मागचं दार उघडं आणि बाहेर हमरस्ता! मार्लिस "टॅन्सी! टॅन्सी!" करत दाराकडे धावली. मी गुडघे मोडत वाकले आणि टेबलांचे पडदे उचलत सुटले. भूगोलाच्या टेबलाखाली ती होती. टोपी मांडीत, बोटं डोळ्यावर.

मीही आत शिरले. बाहेर कसं निघायचं ते नंतर बघू म्हटलं.

"कुठलं पुस्तक हवं गं राणी?"

"ज्यात लिहायचं नाही ते."

"गणित येत नाही का?"

"येतं की. पण माझा हात हळू आहे, मॅमॉ. मी एक लिहीपर्यंत उरलेली सगळी गणितं माझ्याकडे बघत बसतात." तिनं हात पुढे केला. पेन्सिल धरायच्या बोटाला घट्टा पडला होता. सहा वर्षांच्या बोटाला!

पडदा हलला. मार्लिस गुडघ्यांवर बसली होती, सगळं ऐकत.

"चाचणी मी तोंडीच घेतली," ती हळूच म्हणाली. "ममा, तिनं पेन्सिलला हातही लावला नव्हता."

तिनं वीट डीनाला परत दिली.

"पस्तावशील," डीना म्हणाली.

"बहुतेक," मार्लिस म्हणाली आणि पातळ पुस्तक काखेत मारलं. "टॅन्सी, तू बोलायचं. लिहीन मी."

घरी निघालो. पिकअपमध्ये टॅन्सी आमच्या दोघींच्या मध्ये. मार्लिस पुटपुटली, "आणि हेही चुकलं तर?"

"तर पुढच्या मेमध्ये तिथेच विकू."

ती हसली नाही. टॅन्सीचा हात पुन्हा डोळ्याकडे चालला होता. मला तो धरवेना आणि बघवेनाही. मग मला जे एकच येतं ते मी केलं.

"माझ्या बापानं एक मासा धरला होता," मी म्हटलं. "नव्वद पौंडांचा. शंभर माणसं जेवली..."

पूल गेला. धान्याचं कोठार गेलं.

मग टॅन्सीचा हात डोळ्यापाशीच थांबला.

"मागच्या वेळी ऐंशीचा होता," ती म्हणाली. "मॅमॉ, मेल्यावर मासा वाढतो का?"